नावाचा दगड वेगळा

मोशन ग्राफिक्स म्हणजे हलती अक्षरं, हलते लोगो, मालिकांची शीर्षकं, बातम्यांतल्या नावाच्या पट्ट्या आणि निकालाच्या दिवशी वरखाली होणारे आकड्यांचे स्तंभ. मुंबईत या कामाची वस्ती प्रामुख्याने उपनगरांत आहे. पश्चिमेला अंधेरीच्या वीरा देसाई रोडपासून गोरेगाव-मालाडपर्यंत आणि पूर्वेला मरोळपासून घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत ती पसरली आहे. या धंद्यात दिवसभर कानावर पडणारा शब्द आहे 'चेंजेस'. क्लायंटचा लोगो बदलला, प्रायोजक बदलला, हिंदीचं मराठी करायचंय, ३० सेकंदांचं २० करायचंय. जुनं चित्र काढून त्या जागी नवं बसवायचं आणि बिघडलेली चाल पुन्हा सुधारून घ्यायची. बाहेरचे लोक, आणि पुष्कळदा धंद्यातलेही, या कामाला दुय्यम मानतात. खरी निर्मिती पहिल्यांदा झाली, बाकी सगळी हमाली, असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. बदलता येईल असं चित्र बांधणं आणि बदलल्यावर त्याची चाल पुन्हा जुळवणं, हेच या धंद्याचं मूळ कसब आहे. मुंबईच्या उपनगरांत ते संगणक येण्याच्या शंभर वर्षं आधी येऊन पोचलं होतं.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलण्यापूर्वी तो घाटकोपरला होता. तिथे ज्या पद्धतीने चित्रं छापली जात, ती नीट पाहिली तर आजच्या प्रोजेक्ट फाइलची रचना डोळ्यांपुढे उभी राहते. शिळाछापात एक रंगीत चित्र एका दगडावर कधीच नसतं. मूळ चित्राचे रंग सुटे करायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि तोच कागद एकामागून एक त्या सगळ्या दगडांवरून काढायचा. त्वचेचा फिका गुलाबी एका दगडावर, शालूचा गर्द रंग दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर. कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी बसावा म्हणून कडेला खुणा असत. त्या केसभर सरकल्या तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. या सुटेपणाचा एक फायदा व्यापाऱ्यांनी लगेच ओळखला. चित्राच्या दगडांना हात न लावता खालच्या अक्षरांचा भाग तेवढा निराळा छापता येतो. म्हणून लक्ष्मी तीच, सरस्वती तीच, पण खाली कधी साबणाचं नाव, कधी ग्राइप वॉटरचं, कधी एखाद्या पेढीचं आणि वर्षाचं कॅलेंडर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घरोघरच्या भिंतींवर आलेल्या देवादिकांच्या चित्रांचा मोठा हिस्सा असा, एका चित्राच्या अनेक आवृत्त्यांमधून आला. चित्र थरांत बांधायचं आणि जो थर बदलणार आहे तो आधीपासून सुटा ठेवायचा, हे आजच्या लेयरचं तत्त्व तेव्हाच रोजच्या कामाचा भाग होतं.

हे नुसतं रूपक म्हणून मी सांगत नाही, कारण या छापखान्यापासून हलत्या चित्रापर्यंत जाणारा एक खरा माणूस आहे. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी ब्लॉक करणारे आणि छपाई करणारे होते. लोणावळ्याला त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामं केली, मग तीन रंगी छपाईत उतरले, दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभा राहिला आणि रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. चित्राचे थर सुटे करायचे आणि पुन्हा अचूक एकमेकांवर बसवायचे, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या कोंबाचं रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी त्याची वाढ पडद्यावर दाखवली, आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात काड्या चालवल्या. काडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. छपाईत कागद ज्या शिस्तीने दगडावर बसतो, त्याच शिस्तीने इथे काडी कॅमेऱ्यापुढे बसते. फरक इतकाच, की इथे ती दर वेळी मोजून थोडी सरकवायची असते. मूकपटांच्या मधल्या पाट्यांतही हा सुटा थर दिसतो. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा त्यातल्या पाट्या एकाहून अधिक भाषांत होत्या. चित्र तेच ठेवून मजकूर प्रेक्षकानुसार पुरवायचा, ही सोय आपल्या सिनेमाला जन्मापासून होती.

अर्थात एक गोष्ट मान्य करायला हवी. घाटकोपरच्या त्या छापखान्यापासून आजच्या घाटकोपर-अंधेरीच्या स्टुडिओंपर्यंत गुरुशिष्यांची सलग साखळी दाखवता येत नाही. छापखाना पाच वर्षांतच शहर सोडून गेला, फाळके नाशिकला गेले. मधली कडी दक्षिण मुंबईत आहे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या तरुणांना शिकवायला आले. त्या पहिल्या तुकडीत राम मोहन होते. वीक्सच्या मार्गदर्शनाखाली 'द बनियन डियर' हा लघुपट १९५७ मध्ये झाला. या विभागाने शिकवलेली शिस्त सेलची, म्हणजे पारदर्शक तावांची, होती. पार्श्वभूमी एका कागदावर, पात्र पारदर्शक सेलवर, हलणारा हात आणखी एका सेलवर, आणि सगळं खिळ्यांच्या पट्टीवर अडकवून वरच्या कॅमेऱ्याने एकेक फ्रेम टिपायची. पुन्हा थर, पुन्हा जुळवणीच्या खुणा. म्हणून वंशावळ तुटलेली असली, तरी कामाची रीत तुटलेली नाही. ती प्रत्येक पिढीला त्याच गरजेतून पुन्हा सापडली, आणि माझ्या दृष्टीने हा पुरावा गुरुशिष्य परंपरेपेक्षा भक्कम आहे.

सेलच्या काळात बदल महाग होता. पडद्यावरचं एक नाव बदलायचं म्हणजे नवी सेल रंगवायची, तो शॉट पुन्हा फ्रेमगणिक घ्यायचा, फिल्म धुवायला पाठवायची आणि आल्यावर चाल चुकलेली दिसली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे चाल आधी पेन्सिलीच्या रेखाटनांवरच तपासून घ्यायची सवय लागली. रंग चढण्यापूर्वी नुसत्या रेषांचं चित्रण करून पाहायचं, कुठे हालचाल अडखळते, कुठे घसरते ते हेरायचं आणि मधली रेखाटनं नव्याने काढून किंवा टाकून दुरुस्त करायची. राम मोहन यांनी १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली, शेकडो जाहिराती केल्या, हिंदी चित्रपटांची शीर्षकं केली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधला (१९७७) संस्थानं चेरीसारखी गिळणाऱ्या डलहौसीचा ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. तो तुकडा आजच्या भाषेत शुद्ध मोशन ग्राफिक्स आहे. गुंतागुंतीचा इतिहास, मोजकी चित्रं, आणि अर्थ सगळा हालचालीतून उमटलेला.

मग हा धंदा उपनगरांत का आला? कारण चित्रपट आधीच तिकडे गेला होता. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज, गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान, अंधेरीत एकामागून एक स्टुडिओ, आणि १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी. जिथे चित्रीकरण, तिथे संकलन. जिथे संकलन, तिथे शीर्षकं. दुसरं कारण जागेचं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींमधले गाळे लहान कारखान्यांसाठी बांधलेले होते: उंच छत, भरपूर वीज, रात्रपाळीला हरकत नाही. यंत्रं गेली आणि त्याच गाळ्यांत एडिट मशिनं आली. न्यू लिंक रोडची लक्ष्मी इंडस्ट्रियल इस्टेट हे त्याचं ठळक उदाहरण. तिसरं कारण मात्र निर्णायक ठरलं. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. दूरदर्शनचं बोधचिन्ह वर्षानुवर्षं तसंच राहू शकत होतं, पण स्पर्धेतल्या वाहिनीला दर हंगामात नवा चेहरा लागतो. त्याच सुमाराला, जानेवारी १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि पुढच्या वर्षी ते अडोबीकडे गेलं. ज्या बदलाला आठवडा लागायचा तो एका रात्रीत होऊ लागला. बदल स्वस्त झाला म्हणून बदलांची मागणी प्रचंड वाढली, आणि चेंजेस हाच धंदा झाला.

मराठी प्रेक्षकाने याचे मोठे प्रसंग स्वतः पाहिले आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेलं अल्फा टीव्ही मराठी २००५ मध्ये झी मराठी झालं. स्टार माझा १ जून २०१२ पासून एबीपी माझा झालं. ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. प्रेक्षकाला दिसतो एक नवा लोगो. आत मात्र प्रत्येक कार्यक्रमाचं शीर्षक, जाहिरातीकडे जाताना आणि येताना दिसणारी प्रत्येक पट्टी, कोपऱ्यातलं चिन्ह, 'पुढे पाहा'ची प्रत्येक पाटी बदलावी लागते. जाहिरातींमध्ये याहून बोलकं उदाहरण मोबाइल सेवेचं आहे. मुंबईत जे ऑरेंज होतं ते २००५ मध्ये हच झालं आणि सप्टेंबर २००७ मध्ये व्होडाफोन. ऑरेंजचं चिन्ह चौकोन, हच म्हणजे आडवा शब्द, व्होडाफोनचं चिन्ह गोल. जागच्या जागी गिरकी घेऊन थांबणारा गोल सुबक दिसतो, पण तीच गिरकी आडव्या शब्दाला दिली तर तो पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. चौकोन वरून पडून बसला तर वजनदार वाटतो, गोल मात्र पडल्यावर किंचित उसळायला हवा. म्हणजे लोगो बदलला की फिरण्याचा केंद्रबिंदू बदलतो, थांबण्याची रीत बदलते, आणि नवं चित्र जुन्या चालीत कोंबलं तर जाणकार नसलेल्या प्रेक्षकालाही काहीतरी उसनं वाटतं.

हे कसब जवळून पाहायचं तर देवनागरीत पाहावं. समजा, स्थानकांच्या नावांची एक मालिका करायची आहे आणि पहिली पाटी 'घाटकोपर' अशी केली. या शब्दात अक्षरांच्या तळाखाली लोंबणारं काहीही नाही, वर 'को'ची मात्रा तेवढी. अक्षरं पट्टीमागून वर येतात असं दाखवायला खाली एक मास्क, म्हणजे बाहेरचा भाग झाकणारी चौकट, लावला आणि तो अक्षरांच्या तळाला चिकटवून ठेवला. पाटी सुंदर झाली. आता त्या जागी 'मुलुंड' टाका. दोन उकार खाली लोंबतात, ते मास्कमध्ये कापले जातात आणि पडद्यावर 'मलंड' उमटतं. 'बोरिवली' टाका आणि अक्षरागणिक उमटणारा इफेक्ट लावा. युनिकोडच्या क्रमात ऱ्हस्व वेलांटी 'र'च्या नंतर येते, दिसते मात्र त्याच्या आधी. जिथे सॉफ्टवेअर मजकूर एकेक घटक करून सोडतं, तिथे 'र' आधी येऊन बसतो आणि वेलांटी आली की दचकून उजवीकडे सरकतो. रोमन लिपीत हा प्रश्नच नाही. तिथे प्रत्येक अक्षर आपापल्या जागी सुटं उभं असतं. आपली अक्षरं मात्र शिरोरेषेला टांगलेली असतात, आणि ती सुटी उडवली की रेषेचे तुकडे होतात. यावरचा एक चांगला उपाय म्हणजे शिरोरेषा वेगळ्या लेयरवर घेणं. आधी रेषा डावीकडून उजवीकडे ओढली जाते, मग अक्षरं तिच्याखाली एकेक करून टांगली जातात, जशी ती हाताने लिहिताना येत नाहीत पण वाचताना पटतात. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत काम करणाऱ्या र. कृ. जोशींनी 'मंगल' हा फाँट घडवला आणि तो विंडोज २००० बरोबर जगभर गेला. देवनागरी अक्षर संगणकावर स्थिर उभं राहण्याचा पाया त्याने घातला. ते चालतं करण्याचं काम मात्र अशा मास्कांच्या आणि शिरोरेषांच्या दुरुस्त्यांमधून, एकेका पाटीगणिक, उपनगरांतल्या टेबलांवर झालं आहे.

चाल सुधारणं म्हणजे काय, तेही एका पट्टीवर सांगता येईल. बातम्यांत बोलणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या पट्टीला आपल्याकडे ॲस्टन म्हणतात. ते नाव अशी यंत्रं बनवणाऱ्या एका जुन्या ब्रिटिश कंपनीवरून पडलं. आपल्या टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेम. समजा पट्टी १२ फ्रेममध्ये ४०० पिक्सेल उलगडते. नाव लांबलचक आलं आणि तीच पट्टी तितक्याच वेळात ७०० पिक्सेल उलगडू लागली, तर ती भिंतीवर आपटल्यासारखी थांबते. फ्रेम वाढवाव्यात तर बाराव्या फ्रेमवर पडणारा आवाजाचा ठोका निसटतो. मग करायचं काय? बहुतेक अंतर पहिल्या सात-आठ फ्रेममध्ये कापायचं आणि उरलेलं थोडं अंतर उरलेल्या फ्रेममध्ये सावकाश पसरवायचं. एकूण वेळ तोच, ठोका तिथेच, पण पट्टी आता धावत येऊन अलगद बसते. पेन्सिलीच्या काळात मधली रेखाटनं जवळजवळ ठेवून हेच साधत. आज संगणकावर वेगाच्या वक्ररेषेचा एक दांडा ओढून साधतात. डोळ्याला हवं ते तेव्हाही तेच होतं.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की श्रेष्ठ काम बदलता न येणारंच असतं. कमल शेडगे यांनी नाटकांसाठी काढलेली अक्षरं पाहा. 'मत्स्यगंधा'ची अक्षरं त्याच नावासाठी जन्मली, त्या जागी दुसरं नाव बसणार नाही. हे अगदी खरं आहे आणि मला पूर्ण मान्य आहे. पण ती अक्षरं जिथे छापली जात त्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीकडे पाहा. शीर्षकाचा ब्लॉक अढळ आणि त्याच्याभोवती रोज बदलणारा मजकूर: नाट्यगृह, तारीख, वेळ, प्रयोगाचा क्रमांक. एका रकान्यात बसवायची तर शीर्षक आक्रसतं, दोन रकाने मिळाले तर पसरतं. अढळ अक्षराला रोज नव्या जागेत शोभेल असं बसवणं हेही कुणाचं तरी काम होतं, आणि ते वाईट झालं असतं तर शेडग्यांचं अक्षरही उणं दिसलं असतं. एकमेव आणि बदलतं, दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी असतात.

दुसरा आक्षेप श्रमाचा. परदेशी चित्रपटांची सुटी कामं इथे येतात, मुलं रात्रीमागून रात्री फ्रेमगणिक बाह्यरेषा कापत बसतात, याला कसब काय म्हणायचं? 'क्लॅश ऑफ द टायटन्स' २०१० मध्ये त्रिमिती झाला, तो प्राइम फोकस या कंपनीच्या अशाच कामातून. त्याच वर्षी घाटकोपरच्या रहेजा प्लाझात कार्यालय असलेल्या क्रेस्ट ॲनिमेशनने हॉलिवूडच्या वितरकासाठी केलेला 'अल्फा अँड ओमेगा' पडद्यावर आला. १९९६ मध्ये ॲप्टेकची अरेना आणि २००१ मध्ये मॅक या प्रशिक्षण संस्था सुरू झाल्यापासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या स्थानकांबाहेर ॲनिमेशनच्या क्लासेसच्या पाट्या लागल्या. त्या वर्गांतून आलेल्या अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकच कृती आली, हे नाकारता येणार नाही, आणि ते दुःखाचं आहे. पण त्याचा दोष कामाच्या वाटणीला आहे. बदलाचं काम हलकं ठरवलं की ते स्वस्तात, घाईत आणि बिननावाने करून घेता येतं. रविवर्म्यांच्या चित्राखाली रविवर्म्यांचं नाव आहे. दगडावर रंग सुटे करणाऱ्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आज श्रेयनामावलीत आवृत्त्या करणाऱ्याचं नाव शोधून पाहा.

तिसरा आक्षेप ताजा आहे. २०१७ मध्ये अडोबीने मोशन ग्राफिक्सच्या तयार टेम्पलेट आणल्या, रिकाम्या चौकटीत नाव लिहिलं की झालं. आता तर यंत्र स्वतःच चित्रं बदलून देतं, मग हे कसब उरलं कुठे? टेम्पलेट हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. ती करणाऱ्याला पुढे काय काय बदलेल, हे सगळं आधी ओळखावं लागतं: सर्वांत लांब नाव किती लांब असेल, खाली उकार येईल का, लोगो उभा येईल की आडवा. ज्याने 'घाटकोपर'वर थांबून काम संपलं मानलं, त्याची टेम्पलेट 'मुलुंड'ला मोडते. यंत्रालाही चूक दाखवून द्यायला 'मलंड' हे मुलुंड नव्हे, एवढं पाहणारा डोळा लागतो.

या इतिहासाची साधनं मात्र भराभर नाहीशी होत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पूर्ण झालेला चित्रपट जपला जातो. मोशन ग्राफिक्सचा पुरावा पूर्ण झालेल्या कामात दिसतच नाही. तो प्रोजेक्ट फाइलमध्ये असतो, बंद केलेल्या लेयरमध्ये, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवा' अशा नावांच्या फोल्डरांत, काढून टाकलेल्या लोगोत आणि चालीचे टप्पे ठरवणाऱ्या, तिसऱ्यांदा हलवलेल्या की-फ्रेममध्ये. अल्फा मराठीच्या काळातली एखादी हार्ड डिस्क तुमच्या माळ्यावर किंवा गाळ्याच्या कपाटात पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका. ती चालते का पाहा, जुनं मशिन शोधून फाइल उघडा, लेयरची नावं आणि काम करणाऱ्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा, आणि मगच नवी प्रत काढा.